आबाच्या नावाचा पेला

गुत्तेवाल्याला कधी विचारून बघा. बाबा रे, तुझं गिऱ्हाईक इथून उठून घरी गेलं आणि बायकोला बडवलं, किंवा बैलगाडी ओढ्यात घातली, तर त्यात तुझं काही आहे की नाही? तो लगेच म्हणेल, मी काय त्याच्या नरड्यात ओतली होती? दारूबंदी येण्याआधी आमच्या पनवेलात हे उत्तर सगळ्या गुत्त्यांवर तोंडपाठ होतं. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या काशिरामला तर ते जरा जास्तच पाठ होतं.

गुत्ता काशिरामने लिलावात घेतला होता, पण गादीवर बसायची त्याची बायको हौसा. काशिराम बोलायला गोड आणि कामाला जड. हौसाचं उलट होतं. तिच्यासमोर कोणी आवाज चढवत नसे. एखाद्याची जीभ जड झाली की ती त्याचा पेला उचलून पालथा घालायची आणि म्हणायची, "पुरे." पालथ्या पेल्यावर हुज्जत घालायची कोणाची टाप नव्हती. म्हणून ती बाजारातून ताठ मानेनं चालायची. बायका मागून "गुत्तेवाली" म्हणत, तर ती वळून "काय गो?" असं विचारायची. माझ्या गुत्त्यावरून उठलेल्या माणसानं कधी कोणाचं वाकडं केलं नाही, हा तिचा अभिमान होता आणि तोवर तो खराही होता.

तिचं माहेर वडाचा पाडा. गुत्त्यापासून खाडीच्या कडेकडेनं चालत गेलं की घटकाभरात येई. सगळं गाव आगऱ्यांचं, आणि गावाची भातशेती खाडीच्या पाण्याहून खाली. मध्ये एक मातीचा बांध, तेवढंच काय ते. त्या बांधाला एका जागी लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडीच्या फळ्या काढायच्या, शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत फळ्या परत टाकून वर चिखल लिंपायचा. हे काम आनंदाकडे होतं. त्याआधी त्याच्या बापाकडे, त्याआधी आज्याकडे. गाव त्याबद्दल त्यांना भात द्यायचं आणि रात्री निर्धास्त झोपायचं. उघाडीला लागून पहिलं शेत हौसाच्या भावाचं, रामूचं.

आता हौसाची एक रीत सांगायला हवी. सर्वपित्री अमावस्येला आगरी माणूस पितरांच्या पानावर सगळं ठेवतो. वडे, खीर, सुकी मासळी आणि मेलेला पिणारा असेल तर दारूही. हौसानं त्यात आपली भर घातली होती. जी जुनी गिऱ्हाइकं वर गेली, त्यांच्या नावाचा एक पेला ती त्या दिवशी गुत्त्यावरच भरायची. चार थेंब उंबऱ्याबाहेर मातीत सोडायचे, मेलेल्याला नाव घेऊन बोलवायचं आणि उरलेला पेला त्याच्या मुलानं प्यायचा. त्याचे पैसे नाहीत. गिऱ्हाइकांना ही रीत फार आवडायची. फुकटची दारू आणि वर पुण्य, कोणाला नको असेल?

त्या साली अमावस्येच्या सकाळी आनंदा आला. भात पोटरीला आलं होतं आणि शेतात पाणी फार झालं होतं, म्हणून ओहोटी लागताच त्यानं उघाडीच्या फळ्या काढल्या होत्या. पाणी निघायला वेळ लागणार, तेवढ्यात पितरांच्या पानासाठी बाटली घेऊन परत जायचं, असा त्याचा हिशोब होता. हौसानं बुचाला मेण लावलेली बाटली त्याच्या हातात दिली.

"बस दादूस. बापाचे नावाचा घे," ती म्हणाली.

तिनं उंबऱ्याबाहेर थेंब सोडले. "धर्मराज काका, ये, घे," म्हणाली. आनंदानं पेला डोक्याला लावून रिकामा केला. मग म्हणाला, "आनी आज्याचा?"

आजाही इथेच प्यायचा. हौसानं भरला.

"आनी जगनकाकाचा? तो खाडीत बुडून मेला. त्याची तिथी कोनाला ठाव नाय. त्याचा दिवस आजचाच."

गुत्त्यावरची माणसं हसायला लागली. हौसालाही हसू आलं. आनंदा सगळ्यांचा लाडका होता; तो मेलेल्यांना असा हाका मारून आणायला लागला की ते खरंच दाराशी रांग लावून उभे आहेत असं वाटायचं. तिनं तिसरा भरला. चौथ्याला मात्र तिनं पेला पालथा घातला.

"पुरे. आज आवस हाय. दुपारी उधान येल. फल्या काढून आलास ना? जा."

हे सगळ्यांनी ऐकलं. पुढे हेच ऐकलेलं काशिरामच्या कामाला आलं.

माणसं आपापल्या घरच्या पानांसाठी पांगली. आनंदानं बाटली काखेत मारली, उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"हौसा, तुज्या आबाला आज कोन पेला ठेवनार गो?"

हौसानं मान वर केली.

"रामूने माल घातली. त्याचे पानावर खीर हाय, वडे हायत, दारू नाय. आबा बसंल नुसता पानाकडे बघत."

तो काही लबाडी करत नव्हता. हौसाचा बाप आबा आणि आनंदाचा बाप धर्मराज जन्मभराचे सोबती. आबाला संध्याकाळचा एक पेला नसला तर झोप लागत नसे, हे हौसाला माहीत नव्हतं असं नाही. पण पान ठेवायचं मुलानं, आणि मुलगा माळकरी. लेकीला तो हक्क नाही. तिनं छोटा पेला घेतलाच नाही. पाण्याचा मोठा पेला घेतला आणि तो काठोकाठ भरला. थेंब सोडताना "आबा, घे" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. उरलेला आनंदानं उभ्याउभ्या संपवला, कारण त्यालाही घाई होती.

"सांबालून जा," ती म्हणाली. तो सरळ चालत गेला. तिनं पाहिलं आणि तिचं समाधान झालं.

पाड्याच्या वाटेवर एक चिंच आहे. आनंदा तिथे क्षणभर टेकला.

दुपारी पाड्यात घरोघरी कौलांवर पानं ठेवून माणसं कावळ्यांना हाका घालत होती. उघाडीकडे कोण बघणार? उघाडी आनंदाची. पान ठेवायला शिडीवर चढलेल्या एकाला शेतात काहीतरी चकाकताना दिसलं. तो ओरडला, रामू जेवणाच्या पाटावरून उठून धावला, त्याच्यामागे सगळं गाव. उधाणाचं पाणी उघड्या दारातून आत घुसत होतं आणि जाता जाता दोन्ही बाजूंचा बांध खात होतं. फळ्या टाकायला आता दारच शिल्लक नव्हतं. बांधाला खांड पडली होती, बैलगाडी जाईल एवढी. ओहोटी लागेपर्यंत माणसं काठावर नुसती उभी राहिली.

खाऱ्या पाण्यानं भात जातं, एवढंच नाही. जमीनच खारी होते. पुढचे दोन-तीन पावसाळे ती धुवून काढतात, तेव्हा कुठे तिच्यात दाणा धरतो. तोवर खायचं काय, याचं उत्तर पाड्यात कोणाकडेच नव्हतं.

पाणी ओसरल्यावर गावदेवीच्या देवळासमोर बैठक बसली. काशिराम आणि हौसालाही बोलावणं होतं. मधे बसला होता म्हातारा तुळशीराम. त्याचा शब्द गाव मानायचं. पाड्याचा कायदा जुना आणि सोपा होता: ज्याच्या चुकीनं बांध फुटला, त्यानं खांड भरेपर्यंत माती वाहायची. प्रश्न एवढाच होता की चूक कोणाची.

"आनंदाची तं हायेच," रामूची बायको मैना म्हणाली. बायका बैठकीत बोलत नसत, पण तिचं शेत पहिलं बुडालं होतं, तेव्हा तिला गप्प बस म्हणायला कोणी धजलं नाही. "पन ज्यांनी पाजली त्यांचा काय?"

काशिराम उठला. अशा वेळी त्याची जीभ फार सुंदर चालायची.

"वयनी, लोहाराने कोयता विकला. घेनाऱ्याने शेजाऱ्याचा मुंडका उडवला. मंग काय लोहाराला फाशी द्यायचा?"

"लोहार कोयता फुकट वाटत नाय," मैना म्हणाली. "आनी एकामागून एक तीन कोयते हातात देऊन मंग सांबालून जा, असा सांगत नाय."

दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. काशिरामचा चेहरा उतरला, पण तो हटणारा नव्हता.

"मंग आयका. माजे बायकोने पेला पालथा घातला. आवस हाय, फल्या टाक, असा तोंडाने सांगितला. गुत्ताभर मानसांनी आयकला. आता तिने काय त्याचे मागे येऊन फल्या टाकायच्या?"

माणसांनी माना डोलावल्या. खरंच ऐकलं होतं. हौसा बायकांत बसली होती, पदर घट्ट धरून. तिच्या नवऱ्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्याला पुढचं ठाऊकच नव्हतं.

तुळशीरामानं आनंदाला विचारलं, "पेला पालथा घातल्यावर तू आनखी पिलास?"

"पिलो."

"कोनी दिली?"

आनंदानं हौसाकडे पाहिलं नाही. आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत तो म्हणाला, "कोनी नाय. माजे बाटलीतली पिलो. वाटेत."

बैठकीतून एक हुंकार गेला. ती बाटली पितरांची होती. पानावर ठेवायच्या आधी पितरांच्या वाट्याला तोंड लावणं, हे पाड्यात बांध फोडण्याहून खालचं मानत. त्याची बायको शांती मागे उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड झाकलं.

आता बोल, असं हौसा स्वतःला सांगत होती. उठ आणि बोल. पण ती मूग गिळून बसून राहिली. पालथा पेला हीच तिची अब्रू होती. तोच खोटा होता हे सगळ्या माहेरासमोर कसं सांगायचं?

तुळशीरामानं निकाल दिला. उघाडी आनंदाकडून काढली. खांड भरेपर्यंत माती त्यानं वाहायची. आणि पितरांची बाटली उष्टी केली म्हणून तोवर त्याच्या घरचं पाणी कोणी प्यायचं नाही, त्याला पंगतीत घ्यायचं नाही.

"आनी गुत्ता?" मैनानं विचारलं.

"हौसा आमची लेक हाय," म्हातारा म्हणाला. "लेकीचे डोक्यावर गाव माती देत नाय. तिची चूक असंल तरी गावाने पोटात घालायची. नसंल तं प्रश्नच नाय."

परत येताना काशिराम खुशीत होता. "बघितलास? कसा सुटलो!" तो म्हणाला. हौसा मागून चालत होती. चिंचेपाशी आल्यावर तिला त्या झाडाकडे बघवेना.

गुत्ता चालूच राहिला. हौसा गादीवर बसायची, पण कोणाचा पेला पालथा घालायला तिचा हात उचलेना. दोघंजण बरळायला लागले तरी ती भिंतीकडे बघत बसायची आणि काशिरामला हाक मारायची. बाजारात आता ती कडेकडेनं चालायची. आनंदा एकटाच ओहोटीला खांडीत माती टाकतो आणि भरती ती धुवून नेते, हे गिऱ्हाइकंच येऊन सांगायची. सांगून हसायची. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भाऊबीजेला रामू आला. दरवर्षी तो नव्या रात्याचं गाठोडं आणायचा. राता म्हणजे खाडीकाठच्या जमिनीतला तांबडा तांदूळ. पेज केली की घरभर वास सुटतो. हौसाला वाटलं होतं, यंदा तो येणारच नाही, आला तर रिकाम्या हातानं येईल. पण गाठोडं होतं. तिनं ओवाळलं, आत नेऊन गाठ सोडली आणि तिथेच बसली. आत रेशनचा तांदूळ होता. पांढरा, तुकडा, खड्यांचा, कुबट वासाचा. घरात खायला नसताना भावानं रांगेत उभं राहून तो घेतला होता आणि आपल्या पोरांच्या ताटातला काढून बहिणीकडे आणला होता.

"कशाला आनलास रे?" ती बाहेर येऊन म्हणाली.

"माहेरचा तांदूळ तुटू नये," रामू म्हणाला. "राता पिकंल तवा राता आनीन."

मग मात्र तिला राहवलं नाही. ओट्यावर भावासमोर बसून तिनं सांगितलं. आबाचं नाव. मोठा पेला. काठोकाठ भरलेला.

रामू बराच वेळ गळ्यातल्या माळेचे मणी चाचपत राहिला.

"मना ठाव हाय," तो म्हणाला.

"आनंदाने सांगितला?"

"नाय. त्या दिसी चिंचेखाली त्याला उठवाया मीच गेलतो. बाटली उशाला व्हती. भरलेली. बुचाचा मेन तसाच. बैठकीत तो बाटलीचा बोलला तवाच समजलो, कोनाला तरी झाकतंय. आनी पाड्यातला तो झाकंल असा मानूस तू सोडून कोन?"

"मंग तू बोललास का नाय?"

"बोललो असतो तं आज ओवालाया कोनाकडे आलो असतो?" रामू म्हणाला. "माल घातलेला मानूस मी. गावदेवीसमोर गप्प बसलो. रोज त्याचे दारावरून जातो आनी पानी मागत नाय."

हौसानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आपल्या एका पेल्यापायी एक माणूस वाळीत पडला आणि एक देवमाणूस खोटा झाला, आणि दोघांनी ते केलं तिचं माहेर तुटू नये म्हणून. याहून जास्त लाज माणसाला काय वाटायची?

त्या संध्याकाळी तिनं काशिरामला सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. "सुटलेली गाय आपल्या पायाने परत दावनीला येते, अशी पयलीच बघतंय मी. अगो, पिला तो, भरली तू! भरनाऱ्याचा काय?"

"मना ठाव व्हता पानी कवा येल," हौसा म्हणाली. "न ठाव असतं तं गोष्ट निराली."

यावर काशिरामला कोयत्याचं उदाहरण पुन्हा सुचलं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं ते गिळलं.

खांड भरायची ती भांगाच्या दिवसांत. अष्टमीच्या सुमाराला भरती दमलेली असते, त्याला भांग म्हणतात. पाणी फार चढत नाही, तेवढ्यात माती टाकून घ्यायची. एकट्या आनंदाच्यानं होणार नाही हे दिसत होतं, म्हणून घरटी एक माणूस आलं होतं. खाडीतून खांडीपर्यंत रांग लागली होती. आनंदा खाडीकडच्या टोकाला, मांड्यांपर्यंत चिखलात. त्याच्या हातची पाटी कोणी हातात घेत नव्हतं. तो ती खाली ठेवायचा आणि पुढचा माणूस उचलायचा.

हौसा बांधावरून येताना दिसली, तेव्हा बायकांनी तिला बसायला जागा केली. माहेरवाशीण बांध बघायला आली, असं त्यांना वाटलं. अशी आली तर तिच्या पाटीत मूठभर माती टाकतात, ती खांडीत टाकते, आणि शकुन झाला म्हणतात.

ती बसली नाही. तुळशीरामासमोर जाऊन उभी राहिली.

"आनंदादादूसने पितरांची बाटली फोडली नाय," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "पालथा घातल्यावर पेला मी भरला. मोठा. आबाचे नावाचा. आवस व्हती, फल्या काढलेल्या व्हत्या, मना सगला ठाव व्हता. बैठकीत मी गप्प बसली."

"नको बोलू गो," आनंदा चिखलातून ओरडला.

रामू पुढे आला. "बाटली भरलेली व्हती. मी बघितलती," तो म्हणाला, आणि त्यानंही मान खाली घातली.

हातातल्या पाट्या तशाच राहिल्या. तुळशीरामानं चिखलातल्या आनंदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आनंदा आज दुपारी पंगतीत बसंल." तो हौसाकडे वळला. "तुजा आमी पोटात घातला हाय, बाय. घरी जा."

"लेक म्हनून सोडलात," हौसा म्हणाली. "गुत्तेवाली म्हनून धरा. माती द्या."

"विचार कर. दंडाची माती डोक्यावर घेतलीस तं लेक राहायची नाय. गौरीला बोलावना नाय, ओटी नाय, भावाचा गाठोडा नाय. गावाची रीत ती. मना मोडता येत नाय."

हौसानं रामूकडे पाहिलं. तो रडत होता. तिलाही रडू येत होतं, ते तिनं लपवलं नाही. तिनं पदर खोचला, बांधावरून खाली उतरली आणि आनंदाच्या शेजारी, रांगेत उभी राहिली. तिथे चिखल भरून द्यायला मैना होती.

मैनानं तिच्याकडे पाहिलं. एरवी ती तिला "वन्सं" म्हणायची. आज काहीच म्हणाली नाही. तिनं पाटी ओढली आणि दोन्ही ओंजळींनी चिखल भरायला लागली. मूठभर झाला, निम्मी झाली, तरी ती थांबली नाही. पाटी काठोकाठ भरली, तेव्हा तिनं ती उचलून हौसाच्या डोक्यावर ठेवली.